चार दिवसांची दाढी

माझ्या दुकानाचा एक नियम आहे. पहिल्यांदा केसांना रंग लावायला बसणाऱ्या प्रत्येकाच्या कानामागची बारीकशी बट मी आधी कापून घेते, जाड कार्डावर चिकटपट्टीने डकवते, खाली तारीख आणि रंगाचं प्रमाण लिहिते आणि ते कार्ड भिंतीजवळच्या खणांच्या कपाटात ठेवून देते. लोकांना हे माझं खूळ वाटतं. दहा वर्षं रंग लावला की माणूस स्वतःचा मूळ रंग साफ विसरतो आणि वर माझ्याशीच वाद घालतो, की मी जन्मापासून काळाकुळकुळीत. मग कार्ड काढून समोर धरलं की गप्प बसतो. नियमाचा दुसरा भाग असा की ज्याचं कार्ड त्यालाच दाखवायचं. नवऱ्याचं बायकोला नाही, आईचं मुलीला नाही. अडतीस वर्षांत मी हे एकदाही मोडलेलं नाही. त्याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवतही नाही.

त्या मंगळवारी भर दुपारी मुख्याध्यापिकाबाई खुर्चीत होत्या. डोक्यावर रंग थापलेला, घड्याळात पंचवीस मिनिटं बाकी. दार ढकलून मुंगी आत आली. एका खांद्यावर पिशवी, दुसऱ्या खांद्यावर बाळ.

मुंगी माझी भाची. माझी बहीण गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. तेव्हापासून दुकानावरच्या दोन खोल्यांत तिला मी वाढवली. दिसायला एवढीशी आणि उचलणार स्वतःच्या तिप्पट, म्हणून मुंगी. नकाशे काढणाऱ्या कचेरीत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी तिने स्वतःच स्वतःचं लग्न जमवलं, चौकातल्या औषधांच्या दुकानाच्या मुलाशी. मुलगा सालस. इतका सालस, की त्याला पाठीचा कणा आहे की नाही हे बघायला एक्सरे काढावा लागेल, असं मी तेव्हाच म्हणाले होते.

"मावशी, वर जाऊ का?"

"जा की. विचारतेस काय?"

"राहायला," ती म्हणाली.

मी ब्रश खाली ठेवला. तिने बाळाची टोपी काढली. जन्मतःच काळी लव होती, ती सगळ्यांचीच गळते तशी तिसऱ्या महिन्यात गळून गेली होती. आता चौथा संपत आला होता आणि नवे केस आले होते. नवेकोरे, दाट, तांब्याच्या तारेसारखे. मुख्याध्यापिकाबाई आरशातून बघत म्हणाल्या, "अगंबाई, किती गोड!" आणि मुंगीला रडू फुटलं.

काय झालं ते तिने पायरीवर बसूनच सांगितलं. बाळाच्या पोटदुखीचं औषध घ्यायला ती दुकानात गेली होती. आठ गिऱ्हाइकं रांगेत उभी. सासूबाईंनी गल्ल्यामागून हात लांब करून बाळाची टोपी काढली, केसांकडे बघितलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "असे केस आमच्या घरात कुणाचे नाहीत. कुठून आणलेस ते तूच सांग." मुंगी काही बोलायच्या आत पुढचं आलं, "तपासणी करून घे. कागद आण. मग घरात ये."

"आणि जावईबापू? ते कुठे होते?"

"तिथेच. हातात खोकं घेऊन."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, आई, जरा हळू बोल."

मला त्या क्षणी वस्तरा घेऊन चौकात जावंसं वाटलं. नुसता संताप नव्हता तो. उचलली जीभ लावली टाळ्याला असं बोलणारी माणसं मी रोज बघते, त्यांच्याकडे मी कानाडोळा करते. पण ही बाई कुणाला काय बोलली हे मला माहीत होतं, आणि तिला स्वतःला काय माहीत होतं हेही मला माहीत होतं. कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, माझ्या दुकानाच्या पहिल्या वर्षातलं एक कार्ड होतं. पंधरा वर्षांची मुलगी, तिला आईने हाताला धरून आणलेलं. कार्डावरची बट अगदी या बाळाच्या केसांसारखी. शेजारी माझ्या त्या वेळच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, काळा, गडद, दर तीन आठवड्यांनी.

तीन वर्षं ती मुलगी यायची. नंतर घरीच रंग लावायला शिकली, आणि औषधवाल्याशी लग्न झाल्यावर तर फडताळातला डबा घ्यायचा एवढंच उरलं. मुंगीच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही समोरासमोर बसलो तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्या भांगाकडे बघितलं, आणि दोघीही हवापाण्याबद्दल बोललो. त्या दिवसापासून आम्ही एकमेकींना विहीणबाई म्हणतो आणि फारसं भेटत नाही.

मुंगीला मी एवढंच म्हणाले, "वर जा. दूध गरम कर. मुख्याध्यापिकाबाईंचा रंग उतरवायचाय." पंचवीस मिनिटांची चाळीस झाली होती. बिचाऱ्या बाई पुढचा महिनाभर कावळ्यासारख्या दिसत होत्या आणि त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही.

पुढच्या आठवड्यात बाळाला लस टोचायची होती. बाळांची डॉक्टरीण तरुण आहे, फटकळ आहे, मला आवडते. तिने केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "हे कुणाकडून?"

"तेच तर शोधतायत," मुंगी म्हणाली.

डॉक्टरणीने दोन औषधांच्या चिठ्ठ्या फाडल्या आणि टेबलावर ठेवल्या. "हे बघा. केसांच्या मुळाशी रंग तयार करणारे कारागीर बसलेले असतात. काळा करा, असं सांगणारी चिठ्ठी प्रत्येकाला दोन प्रतींत मिळते. एक आईकडून, एक वडिलांकडून. एखादी प्रत पुसट असली तरी बिघडत नाही, दुसरी वाचून कारागीर काळा रंग करतात. दोन्ही पुसट निघाल्या तर काळा जमतच नाही, मग तांबूस होतो. तांबड्याच्या इतरही काही वाटा आहेत, पण ठळक ही."

"म्हणजे दोन्हीकडून लागतं?" मी विचारलं.

"दोन्हीकडून. आणि पुसट प्रत घेऊन माणूस काळ्या केसांचाच हिंडतो. त्याचा बाप, आजोबा, सगळे काळे असू शकतात. कुणाला पत्ताही नसतो. अशी दोन माणसं एकत्र आली की चारातल्या एका मुलाच्या वाट्याला दोन्ही पुसट प्रती येतात." ती हसली. "कधीकधी तेवढी दाढी-मिशी चुगली करते. डोकं काळं आणि मिशी तांबूस."

माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. आमचे वडील! डोक्यावर शाईसारखे केस आणि मिशा मात्र तांबूस. आम्ही सगळी भावंडं जन्मभर म्हणत आलो, की चहाने झाल्यात. आई तर त्यांना बशीतून चहा पिऊ द्यायची नाही. अडतीस वर्षं लोकांच्या केसांचे रंग ओळखून पोट भरणारी मी, मला माझ्या बापाच्या मिशा ओळखता आल्या नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच.

बाहेर पडताना मुंगी कितीतरी दिवसांनी हसली. "मावशी, म्हणजे निम्मा माल आपल्याच दुकानातला."

"आणि निम्मा?"

"निम्मा त्यांच्याकडचा. असायलाच हवा. कारण मी कुठे गेलेच नाही," ती म्हणाली, आणि बाळाची टोपी कानांवर ओढली.

तपासणीचं डॉक्टरणीने आधीच सांगितलं होतं. गालाच्या आतून कापूस फिरवायचा, दहा दिवसांत कागद हातात. मी मुंगीला म्हणाले, कर आणि मार तो कागद त्यांच्या तोंडावर. तिने नकारार्थी मान हलवली.

"मावशी, आज केसांसाठी कागद दिला तर उद्या कचेरीतून उशिरा आले म्हणून कागद द्यावा लागेल. माझ्या शब्दावर शिक्का मारून मागणाऱ्या घरात मला बाळाला वाढवायचं नाही. त्यांनी म्हणायला हवं, की आम्ही खोटं बोललो. नाही म्हणाले, तर मी इथेच राहीन."

मला ते तेव्हा हट्टीपणाचं वाटलं. खाण तशी माती, तिची आईही अशीच होती. पण मुंगी वाळत चालली होती. जेवायची नाही, बाळाला टोपीशिवाय खिडकीतही धरायची नाही. आणि एक जिना खाली, एका खणात, तिच्या सगळ्या दुःखाचं उत्तर चिकटपट्टीखाली पडून होतं.

नियम काय आहे? ज्याचं कार्ड त्याला दाखवायचं. मग दाखवते, म्हटलं. दुपारी औषधांचं दुकान तासभर बंद असतं तेव्हा मी मागच्या दाराने गेले. विहीणबाई एकट्याच होत्या, पांढरा अंगरखा घालून बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवत होत्या. मी कार्ड टेबलावर ठेवलं.

त्यांनी खाली बघितलं. हात थांबला.

"हे कुणाचं आहे मला माहीत नाही," शेवटी त्या म्हणाल्या.

"विहीणबाई, तुमच्या भांगाच्या कडेला आत्ता या क्षणी रंगाचा डाग आहे. माझे केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत."

त्या खाली बसल्या. आवाज एकदम लहान झाला. "शाळेत मला 'गंजकी' म्हणायचे. गंजलेली. माझ्या बाकावर लोखंडाचे खिळे आणून ठेवायचे. आईने तुमच्याकडे आणलं तेव्हा मला वाटलं, सुटले. पुढे तीन मुलगे झाले, तिघेही काळे. आई म्हणाली, बघ, तीन काळे झाले, आता घराण्यातून गेलं ते. मुलात आलं नाही ते नातीत कुठून येणार? तुम्हीच सांगा!"

मी सांगितलं. दोन प्रती, पुसट प्रत, काळ्या डोक्याखाली लपून बसणारा तांबडा रंग. म्हटलं, तुमचे केस तांबडे म्हणजे तुमच्या दोन्ही प्रती पुसट. तुमच्या तिन्ही मुलांना एकेक पुसट प्रत मिळालीच आहे, त्यातून सुटका नाही. जावईबापूंनी ती पुढे दिली, दुसरी मुंगीने दिली. डोळ्यांसमोर लख्ख आहे, हातच्या कांकणाला आरसा कशाला?

त्यांना कळलं. चेहऱ्यावर दिसलं मला, की कळलं. आणि कळल्यावर त्या उठल्या, कार्ड उचलून अंगरख्याच्या खिशात घातलं आणि पुन्हा बाटल्यांकडे वळल्या.

"तुम्ही हे कुणाला सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा नियम आहे."

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. माझ्या सचोटीच्या भरवशावर ही बाई माझ्या पोरीला बदनाम ठेवणार होती. घरी येताना मी दोनदा ठरवलं की सांगून टाकायचं, आणि दोनदा जिन्यावर थांबले. मुंगीने माझं तोंड बघितलं.

"तुला काहीतरी माहीत आहे," ती म्हणाली.

"मला पुष्कळ माहीत आहे. त्यातलं निम्मं सांगता येत नाही."

ती त्या कपाटाच्या सावलीत अभ्यास करून मोठी झालेली मुलगी. तिने एकदा खालच्या मजल्याच्या दिशेने बघितलं आणि म्हणाली, "मग नको सांगूस. तू शब्द मोडून मला सोडवलंस तर मला तुझ्याकडे बघवणार नाही." आणि बाळाचे कपडे पिळायला निघून गेली. मी मोरीत जाऊन रडले. हो, रडले.

त्यानंतर पाचव्या दिवशी, सकाळी नऊला, मी पडदे बाजूला करत होते तेव्हा दारात जावईबापू दिसले. शर्ट चुरगळलेला, डोळे सुजलेले.

"मावशी, येऊ का आत?"

"या. पायपुसण्यावर पाय पुसा, बाकी काही पुसण्यासारखं उरलेलं नाही."

त्यांनी खरंच पाय पुसले. मग उभ्या उभ्या सांगितलं, की चार दिवसांपूर्वी आईशी भांडून ते घराबाहेर पडले. आयुष्यात पहिल्यांदा. चार रात्री गोदामात खोक्यांवर झोपले. अंघोळ तिथल्याच नळावर. आता मुंगीशी बोलायचं होतं आणि वर जायची हिंमत होत नव्हती.

माझी एक खुर्ची पूर्वेच्या मोठ्या खिडकीशी आहे. दिव्याखाली रंग खोटं बोलतो, म्हणून शेवटचा रंग मी नेहमी तिथे बसवून बघते. जावईबापू बोलता बोलता त्या खिडकीपाशी सरकले, उन्हात आले, आणि मी त्यांच्या गालाकडे बघतच राहिले. त्यांचं बोलणं चालूच होतं. मी हसायला लागले. इतकी हसले की मला टेबलाचा आधार घ्यावा लागला.

"बसा," मी म्हणाले. "खुर्चीत बसा."

"गळा कापणार का मावशी?" ते घाबरून म्हणाले.

"इच्छा आहे, पण आज नाही. मला सांगा, तुम्ही रोज दाढी करता?"

"रोज. मिसरूड फुटली तेव्हापासून. आई म्हणते, औषधाच्या दुकानात गुळगुळीत चेहरा हवा."

"सुट्टीच्या दिवशी?"

"तेव्हाही. एकदा तापाने फणफणलो होतो, तर तिने पलंगावर बसून स्वतःच्या हाताने करून दिली." बोलता बोलता त्यांनाच ते विचित्र वाटलं असावं, कारण ते थांबले.

मी त्यांच्या हातात आरसा दिला आणि हनुवटी धरून चेहरा उन्हाकडे वळवला. डोकं काळंभोर. गालांवर चार दिवसांची दाढी, आणि ती तांबडी. हनुवटीपाशी तर नुकत्याच घासलेल्या भांड्यासारखी चमकत होती.

"हे काय आहे?" ते म्हणाले.

"ही तुमची दाढी. हिचं कार्ड माझ्या कपाटात नाही, त्यामुळे मला वाटेल तेवढं बोलता येतं." आणि मी बोलले. डॉक्टरणीच्या दोन चिठ्ठ्या, माझ्या वडिलांच्या मिशा, सगळं. तुमच्याकडची पुसट प्रत कुठून आली असेल ते मी सांगितलं नाही. तुम्ही विचारा ज्यांना विचारायचं त्यांना, एवढंच म्हणाले.

मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन मी अशी हाक मारली की समोरच्या चांभाराने मान वर केली. मुंगी बाळाला घेऊन खाली आली. नवऱ्याला बघून तिचा चेहरा दगड झाला, पण मी तिचा दंड धरून तिला खिडकीपाशी नेलं, बाळाची टोपी काढली आणि बाळाचं डोकं त्यांच्या गालाला लावलं. कुठे बाळ संपतं आणि कुठे बाप सुरू होतो ते कळत नव्हतं. बाळाने त्यांचं नाक पकडलं. जावईबापू हमसून रडायला लागले.

मला वाटलं, मिटलं. माझं चुकलं. मुंगी दोन पावलं मागे सरली.

"आता दाढी दिसल्यावर विश्वास बसला तुझा," ती म्हणाली. "आधी?"

त्यांनी हातातला आरसा पालथा ठेवला. मग म्हणाले, "आधीही होता. पहिल्या दिवसापासून होता. मी बोललो नाही. म्हणजे मी जास्त वाईट वागलो."

त्या माणसाबद्दल मला पहिल्यांदाच आदर वाटला.

"मग आता बोल," मुंगी म्हणाली. "इथे नको. तिथे बोल."

"काय बोलू?"

"आधी काही नको. नुसती दाढी करू नकोस आणि दुकानात उभा राहा."

आणि तो माणूस उभा राहिला! दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गल्ल्यामागे. विहीणबाईंनी म्हणे नवीन वस्तरा आणून समोर ठेवला. जावईबापूंनी तो परत फडताळात ठेवला. पहिल्या आठवड्यात खोकल्याचं औषध नेणाऱ्यांनी चोरून बघितलं. दुसऱ्या आठवड्यात उघड बघायला लागले. माझ्या दुकानात तर रोज वार्तापत्र यायचं. शिंपीणबाई सांगायच्या, आज कानापर्यंत आली. पोस्टातल्या बाई सांगायच्या, आज त्याने विंचरली होती. तिसऱ्या आठवड्यात एका म्हाताऱ्याने भर दुकानात मोठ्याने विचारलं, "बाई, तुमच्या मुलाची दाढी कुणावर गेली हो? तुमच्या साहेबांची तर काळी होती." साहेब वारून दहा वर्षं झालीत, त्यामुळे ते काही उत्तर देऊ शकत नव्हते. विहीणबाई म्हणे आत निघून गेल्या. बोलले ते जावईबापू. "माझ्या मुलीवर गेली," ते म्हणाले. "उलटं असतं ना हे? असू दे. आम्ही दोघं सारखे आहोत. आणि त्या दिवशी माझ्या बायकोला इथे जे बोललं गेलं ते खोटं होतं. मी इथेच उभा होतो आणि गप्प बसलो होतो."

हे मला शिंपीणबाईंनी सांगितलं तेव्हा मुंगी पायरीवर बसून बाळाला पाजत होती. त्या दिवसापासून बाळाची टोपी खुंटीला गेली, आणि रोज संध्याकाळी मुंगी त्या तांबड्या डोक्याला घेऊन रस्त्याने फिरायला लागली. जावईबापू रोज दुकान बंद करून यायचे आणि सोबत चालायचे. वर मात्र तिने त्यांना अजून बोलावलं नव्हतं.

पाचव्या आठवड्यातला शनिवार. सकाळचे साडेदहा, दुकान भरलेलं. मुख्याध्यापिकाबाईंच्या डोक्याला मी नुकता रंग लावला होता, या वेळी मऊ तपकिरी, आधीच्या अपराधाची भरपाई म्हणून. दार उघडलं आणि विहीणबाई आत आल्या. डोक्याला घट्ट रुमाल. शिंपीणबाईंनी हातातलं मासिक खाली ठेवलं.

त्यांनी खिडकीपाशी जाऊन रुमाल सोडला. दाढीला पहिला आठवडा झाला तेव्हापासून त्यांनी रंग लावला नव्हता हे मला दुरूनच कळलं. मुळाशी अर्धं पेर नवे केस आले होते, तांबडे, मधूनमधून पांढरे, आणि खाली खांद्यापर्यंत तोच डब्यातला काळा.

"विहीणबाई, हे काळं सगळं काढता येईल?"

"उतरवायला गेलं तर केस जळतील. थरांवर थर बसलेत. कापले तर जातील. पण एवढेच उरतील." मी बोटाचं अर्धं पेर दाखवलं.

"उंदरासारखी दिसेन."

"दिसाल. वाढतील."

त्या खुर्चीत बसल्या. मी पडदा ओढायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. "असू दे उघडा." मग मी कात्री घेतली. अडतीस वर्षांत एवढ्या शांततेत मी कधी केस कापले नाहीत. काळ्या बटा खाली पडत गेल्या आणि डोकं लहान होत गेलं, आणि शेवटी आरशात एक बाई दिसली, तांबड्या-रुपेरी डोक्याची, मोठमोठ्या डोळ्यांची. देखणी. खरंच सांगते, फार देखणी. त्या स्वतःकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "आईसारखी दिसते मी."

मग उठल्या आणि जिन्याकडे निघाल्या. मुंगी वरच्या पायरीवर उभी होती. तिने सगळं बघितलं होतं. विहीणबाईंनी हात जोडले, तोंड उघडलं.

"इथे नको, आई," मुंगी म्हणाली. मान ताठ होती. "जिथे बोललात तिथे."

नाकाने कांदे सोलणारी ही बाई, आता परत फिरणार असं वाटलं. विहीणबाईंनी होकारार्थी मान डोलावली आणि दार उघडलं.

मग काय विचारता! पुढे उघड्या डोक्याने विहीणबाई, मागे बाळाला घेऊन मुंगी, तिच्यामागे हातात कात्री तशीच घेऊन मी, माझ्यामागे शिंपीणबाई आणि सगळ्यात शेवटी डोक्यावर रंगाचा लेप आणि गळ्यात फडका बांधलेल्या मुख्याध्यापिकाबाई. मी त्यांना म्हणाले, अहो बाई, वेळ संपेल, पुन्हा काळं होईल. त्या म्हणाल्या, होऊ दे, हे मी चुकवणार नाही.

शनिवारची रांग दुकानाबाहेर आली होती. विहीणबाई वाट काढत गल्ल्यामागे गेल्या. जावईबापूंनी आईकडे बघितलं आणि त्यांच्या हातातली बाटली टेबलावर आडवी झाली.

"सगळे ऐका," विहीणबाई म्हणाल्या. घसा साफ केला, पुन्हा म्हणाल्या, "ऐका. दोन महिन्यांपूर्वी इथे उभी राहून मी माझ्या सुनेवर आळ घेतला. तो खोटा होता. हे केस माझे आहेत, जन्माचे. मी ते लपवले. माझ्या मुलाची दाढीही मीच लपवली. बाळाचे केस बघितले आणि मला शाळेतल्या मुलांचे आवाज ऐकू आले. मी घाबरले, आणि माझी भीती हिच्या अंगावर ढकलली. हिने कागद आणला नाही. आणायची गरजच नव्हती." त्या मुंगीकडे वळल्या. "मला माफ कर. नाही केलंस तरी मी हे रोज इथे उभी राहून सांगेन."

रांगेत कुणी खोकलंही नाही, आणि ती खोकल्याच्या औषधाची रांग होती.

मुंगी पुढे झाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. एवढीशी ती, पण त्या दुकानात तिच्याहून उंच कुणी दिसत नव्हतं. तिने बाळाला गल्ल्यावरून पलीकडे दिलं. "धरा. दोन्ही हातांनी धरा, आता वजन वाढलंय तिचं." मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "उद्या सकाळी सामान न्यायला ये. वर ये."

विहीणबाईंनी बाळाला छातीशी धरलं. बाळाने ते कातरलेलं डोकं दोन्ही तळव्यांनी थोपटून बघितलं आणि खुदकन हसलं. मागून दाढीवाला बाप येऊन उभा राहिला. तीन तांबडी माणसं एका ओळीत, आणि बाहेर रस्त्यावर लोक टाचा उंचावून बघतायत.

रांगेतला तोच म्हातारा चष्मा पुसून पुढे आला, बाळाकडे बघितलं, विहीणबाईंकडे बघितलं आणि म्हणाला, "अहो, पोर अगदी आजीवर गेलंय की!"

"मग?" विहीणबाई ओल्या चेहऱ्याने, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "दुसऱ्या कुणावर जाणार?"